फुंकणीच्या पोटातली राळ

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसायचा नाही. हवी तर पैज लावा. आजवर ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यांतल्या एकानेही मानलेलं नाही, आणि त्यांत एक वाघसुद्धा होता. अर्ध्यातच उठून गेला बिचारा.

मी एक जुनी फुंकणी आहे. हातभर लांब, दोन्हीकडून उघडी. चूल विझायला लागली की माझं एक टोक निखाऱ्यापाशी न्यायचं, दुसऱ्या टोकाला ओठ लावायचे आणि फुंकर मारायची. तुमच्या घरात आता गॅस आला, त्यामुळे तुमच्यातल्या निम्म्यांनी मला आज पहिल्यांदाच पाहिलं असेल. पाहा, पाहा. डोमा मला तोंडापाशी धरून खाटेवर बसला आहे, पण तिकडे लक्ष देऊ नका. बोलते आहे ती मी. हर्षा, तू पण माझ्याकडे बघ. ही हर्षा डोमाची नात, सहावीत शिकते. हिला खोटं खपत नाही, म्हणून मी हिला मुद्दामच मागे बसवलं आहे.

तर माझा जन्म. सूरजागडच्या डोंगराला एकदा सर्दी झाली. पोटात एवढं लोखंड, वरून पावसाळा, होणारच. डोंगर असा काही शिंकला की त्याच्या नाकातून तापलेल्या लोखंडाचा एक तुकडा उडाला, तो थेट आलापल्लीच्या जंगलावरून निघाला. तोवर सागाची पानं चिंचेच्या पानाएवढी असायची. माझी धग लागू नये म्हणून त्या झाडांनी घाईघाईने पानं वाढवून तोंडापुढे धरली, ती तशीच राहिली. तो तापलेला तुकडा म्हणजे मी.

हसता काय? बरं, मग खरं ऐका. डोमाच्या बापाची सायकल तलावाच्या पाळीवरून घरंगळली आणि मोडली. लोहाराने तिची पुढची दांडी कापून दिली, तीच मी. त्या दांडीवर लहानपणी डोमा बसायचा, बापाच्या दोन हातांच्या मधे. म्हणजे फुंकणी होण्याआधीपासून मी त्याला ओळखते. पण शिंकेची गोष्ट जास्त चांगली होती की नाही?

थांबा, जरा दम घेते.

हं. आता तुम्हाला तलाव माहीतच आहे. ब्रह्मपुरीहून काळी-पिवळी जीपने येताना गावाच्या आधी दिसतो तोच, मालगुजारीच्या काळातला. त्याच्या पाळीच्या पोटात तुडुम आहे. तुडुम म्हणजे तलावाचं पाणी धानाच्या शेतात सोडायची दगडी मोरी. तिचं सगळ्यात खालचं लाकडी बूच पाण्याखाली दोन पुरुष खोल. आश्विनात पाऊस दडी मारतो, धान निसवायला, म्हणजे लोंब्या टाकायला येतं, तेव्हा कोणीतरी बुडी मारून ते बूच काढावं लागतं. मोरी पाणी ओढते, माणसालाही ओढते. जुन्या काळी एक जण असा गेला तो वर आलाच नाही.

तेव्हापासून डोमाच्या बापाने नियम घातला. बुडी मारणाऱ्याने आधी पाळीवर यायचं. तीन दगडांत राखेखालचे निखारे ठेवायचे. फुंकणी घ्यायची आणि एकच फुंकर मारायची. जाळ गुडघ्याएवढा उठला तर पाण्यात उतरायचं, नाही उठला तर घरी जाऊन भात खायचा. ज्याच्या छातीत जाळ उठवायचा दम नाही, त्याने तुडुमाशी मस्ती करायची नाही. सगळ्या गावाच्या धानाचा आणि एका माणसाच्या जिवाचा निवाडा, मित्रांनो, माझ्या पोटातून जाणाऱ्या एका फुंकरीवर व्हायचा! नाकापेक्षा मोती जड म्हणतात ना, तसं.

आणि डोमाची फुंकर? काय सांगू! त्याने जोरात फुंकलं की निखारे पेटायचे, राख उडायची, आणि पलीकडे बसलेल्या सोमाजीच्या मिशा एका बाजूला व्हायच्या. हे सोमाजी म्हणजे गावचे पाण्याचे कारभारी. कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या वाफ्याला, आधी पाणी, ते हेच ठरवायचे. एकदा तर डोमा दसऱ्याला पाण्यात उतरला तो दिवाळीला वर आला, आल्याबरोबर म्हणाला, "चकल्या झाल्या काय?" बरं बरं, दिवाळीला नाही. पण त्याची बायको चंदाबाई पाळीवर उभी राहून आकडे मोजायची, ते शंभराच्या पुढे जायचे. ऐंशीपर्यंत ती मोठ्याने मोजायची. ऐंशीनंतर तिचा आवाज बसायचा. डोमा वर आला की पहिली शिवी तिची.

"मेल्या, हसून काय राह्यला? माहा जीव जाते इथी!"

"तुहा जीव कुठी जाते? तो तं माह्यापाशी हाय," असं म्हणून डोमा हातातलं बूच तिच्या पायाशी टाकायचा.

लोक मला ओवाळायचे, खोटं नाही. हळदीकुंकू लावलेली फुंकणी तुम्ही दुसरी कुठे पाहिली असेल तर सांगा.

मग ते वर्ष आलं. कोरोनाचं दुसरं. तुम्ही लहान होता, पण आठवत असेल. शाळा बंद होत्या आणि मोठी माणसं हळू आवाजात बोलायची. डोमाला अकरा दिवस ताप होता. खोकला असा की आढ्यावरची पाल पडली. चंदाबाई म्हणाली दवाखान्यात जाऊ. डोमा म्हणाला, "तिथी गेलेला माणूस पिशवीत येते." त्याने दार आतून लावून घेतलं. बाराव्या दिवशी ताप उतरला. तेराव्या दिवशी तो जाळं घेऊन मरळ मासे धरायला गेला. गावभर बोलबाला झाला, डोमा म्हणजे पहाड आहे, पहाडाला काय होतं?

त्या आश्विनाच्या तोंडावर, एका सकाळी अंगणात कोणी नसताना, त्याने मला ओठाला लावलं. सहज, सवय म्हणून.

मित्रांनो, मी हादरले.

मी त्या माणसाचा श्वास चाळीस वर्षं ओळखत होते. तो यायचा तो दारातून बैल यावा तसा. आणि त्या दिवशी जे आलं ते मांजराचं पिल्लू होतं. अर्ध्या वाटेत, माझ्या पोटातच, ते थांबलं. पलीकडच्या टोकाला राख हललीसुद्धा नाही. डोमाने मला खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्यात काही अडकलं असेल म्हणून मला दगडावर ठोकलं, काडी घालून साफ केलं आणि पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. मी लोखंडाची, पण मला थंडी वाजली. माझ्यात काहीच अडकलेलं नव्हतं. जे अडकलं होतं ते त्याच्या छातीत होतं.

थांबा. दम घेते जरा.

आता पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. डोमा दंडारीत, म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या नाटकात, राक्षस व्हायचा, तुमच्या आजोबांना विचारा. राक्षस आला की मशालीवर राळ फेकायची, भक्कन जाळ उठायचा आणि पोरं किंचाळायची. ती राळेची पिवळी पूड एका डब्यात त्याच्याकडे होतीच. त्याने काय केलं? चिमूटभर राळ माझ्या पोटात, निखाऱ्याकडच्या टोकाला भरली. नुसता हलका फूऽऽ केला तरी ती निखाऱ्यावर पडणार आणि जाळ गुडघ्याएवढा उठणार.

उठला! सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या. चंदाबाईने जाळाला हात जोडले. त्या वर्षी पाणी कमी होतं, बूच हाताशी होतं, निभावलं. दुसऱ्या वर्षी दोन चिमट्या. बूच काढून तो वर आला तेव्हा चंदाबाईचे आकडे तिसावर होते आणि त्याचे ओठ जांभळासारखे काळे. "पाणी थंडं होतं," म्हणाला.

थापा मारण्यात तो माझाही गुरू. पाळीची चढण चढताना मधेच बसायचा आणि म्हणायचा, "थांबा रे, मासे कोण्या बाजूले हायेत ते पाहून राह्यलो." मासे रोज त्याच एका बाजूला असायचे, अर्ध्या चढणीला. रात्रंदिवस कोरडा खोकला. चंदाबाईने विचारलं तर, "तुह्या फोडणीचा ठसका होये तो." एकदा तिने त्याचा हात हातात घेतला. त्याच्या बोटांची टोकं फुगली होती, नखं उपड्या वाटीसारखी वर आली होती.

"हे काऊन असं झालं?"

"जाळं ओढून ओढून."

"चाळीस वर्सं ओढून राह्यला, मंग आताच काऊन झालं?"

तो उठला आणि मासे पाहायला गेला.

आणि मी? सूरजागडच्या शिंकेबद्दल एवढं बोलणारी मी, या एका खऱ्या गोष्टीबद्दल तोंड उघडलं नाही. माझी तर दोन तोंडं आहेत!

तिसरं वर्ष. म्हणजे मागचं. पाऊस पोळ्यानंतर गेला तो गेलाच. तलाव काठोकाठ, आणि बांध्यांमध्ये धान पोटरीला येऊन सुकत चाललेलं. सकाळी दहाचा सुमार. सगळं गाव पाळीवर. सोमाजींनी घमेल्यात निखारे आणले. डोमाचा मुलगा अमर, म्हणजे आपल्या हर्षाचा बाप, पुढे झाला. "बाबा, या वर्षी मले उतरू दे."

"तुले? तुले तं न्हाणीत उतरता येत नाई." लोक हसले. अमर मागे सरला.

डोमाने मला उचललं. माझ्या पोटात मूठभर राळ होती. त्याने ओठ लावले, छाती भरायला गेला, आणि खोकला आला. एक आला, त्याच्यामागे दुसरा, त्याच्यामागे रांग लागली. प्रत्येक खोकल्यानंतर माणूस काय करतो? श्वास आत ओढतो. त्याने तो ओढला, मित्रांनो, माझ्यातूनच ओढला! चाळीस वर्षांत माझ्यातून वारा कधी उलटा गेला नव्हता. पोटातली सगळी राळ सरकली, निम्मी त्याच्या तोंडात गेली, उरलेली निखाऱ्यावर सांडली. भक्कन जाळ उठला, कमरेएवढा. लोकांनी सवयीने टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजत होत्या आणि डोमा जमिनीवर होता. डोळे पांढरे, ओठ निळे, हात मातीत काहीतरी शोधत होते. टाळ्या एकेक करत थांबल्या. शेवटची टाळी कोणाची होती ते मी सांगणार नाही, तो माणूस अजून स्वतःला माफ करू शकलेला नाही.

अमरने बापाला खांद्यावर घेतलं आणि धावला. मी तिथेच पडून होते. हर्षाने मला उचललं. मला दगडावर ठोकलं. एक पिवळी रेघ मातीवर सांडली.

"आजी," ती म्हणाली, "यात राळ हाय."

चंदाबाईने ती बोटाने उचलली. वास घेतला. मला वाटलं ही आता रडेल. ती रडली नाही. फक्त म्हणाली, "तीन वर्सं मी त्या जाळाले हात जोडून राह्यली. जाळ तं राळेचा होता."

तिने मला पिशवीत घातलं. आधी ब्रह्मपुरी, तिथून चंद्रपूर. फुप्फुसं आडवीतिडवी कापून दाखवतो तो मोठा फोटो काढला. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर चंदाबाईने मला आपटलं. "पाहा बाई, हेनं फसवलं आमाले. ह्या नळीनं आन ह्या माणसानं."

डॉक्टरीणबाईंनी ना मला हात लावला ना त्या हसल्या. त्यांनी फोटो उजेडाला धरला. मी पिशवीच्या तोंडातून तो पाहिला. मधमाश्या उडून गेलेलं पोळं पाहिलं आहे ना तुम्ही? सगळी रिकामी घरं, कडक, वाळलेली. डोमाच्या फुप्फुसांच्या तळाला आणि कडेला तसं दिसत होतं. पाण्याखाली शंभर आकडे राहणारा माणूस या एवढ्याशा जागेवर जगत होता! मी त्या माणसाच्या श्वासाच्या एवढी जवळ होते, चार बोटांवर, आणि मला एवढं ठाऊक नव्हतं.

"हे वण आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जखम भरली की कातडीवर वण राहतो ना, तसे फुप्फुसात. वणाची जागा ताणत नाही. तिथून हवा रक्तात जात नाही."

डोमाच्या नाकात नळी होती. तो हळूच बोलला, "जाळं फाटलं तं आमी गाठ मारतो. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ मारली तं भोकंच बुजून जातेत. मंग ते जाळं नाई राहत, दोरखंड होते."

"अगदी तसंच, भाऊ. तुम्हाला कोरोना झाला होता का?"

"अकरा दिवस. पण तो तं गेला ना."

"विषाणू गेला असेल. काही लोकांच्या फुप्फुसात तो जाताना असे वण सोडून जातो. बऱ्याच जणांचे हळूहळू कमी होतात, काहींचे राहतात, थोड्यांचे वाढत जातात. असं का, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. दुसरेही काही विषाणू आहेत, वर्षानुवर्षं अंगात दडून बसणारे. त्यांचा आणि या वणांचा काही संबंध आहे का, तेही शोधणं चालू आहे."

चंदाबाई पुढे सरकली. "म्हंजे त्या तापानंच झालं?"

"तसं मी शपथेवर सांगू शकत नाही, बाई. ताप असेल. तुमच्या चुलीचा धूर असेल. वय असेल. आधीपासून थोडं असेल आणि तापाने वाढवलं असेल. घरात चोरी झाली आणि संशयित चार आहेत, असं समजा. विषाणूवर संशय मोठा आहे, पण रंगेहाथ पकडलेला नाही."

मित्रांनो, चुलीच्या धुराचं नाव निघालं तेव्हा मी पिशवीत तोंड लपवलं.

"मंग आता?" डोमाने विचारलं. "तुडुम कवा उघडू मी?"

डॉक्टरीणबाईंनी फोटो खाली ठेवला. "झालेले वण पुसता येत नाहीत. ते वाढण्याचा वेग औषधाने कमी करता येतो. तापानंतर लगेच आला असतात तर आज हातात जास्त उरलं असतं. पाण्यात उतरायचं नाही. धुरापाशी बसायचं नाही. तुडुम दुसरं कोणीतरी उघडेल."

चंदाबाई गेली कितीतरी वर्षं पाळीवर उभी राहून आकडे मोजत होती. त्या खोलीत ती पुन्हा मोजायला लागली. ओठातल्या ओठात. ती काय मोजत होती ते मला कळलं, आणि मला ते कळायला नको होतं.

थांबा... दम... घेते.

हं. मग घरी गॅस आला. चूल बुजवली. मला खुंटीला टांगलं. वर्षभर मला राखेचा वास नाही की कुंकवाचं बोट नाही. कोळ्याने माझ्या एका तोंडात घर केलं. तक्रार नाही, माझ्यासारख्या लबाडाला हे कमीच आहे. पण एक विनंती ऐका. ताप उतरला की दुखणं संपलंच असं धरून चालू नका. महिन्या-दोन महिन्यांनीही चढणीवर दम लागत असेल, कोरडा खोकला पाठ सोडत नसेल, तर मासे पाहत बसू नका. दवाखान्यात जा, आणि तिथे खरं सांगा. आणि घरातलं कोणी पहाड असेल तर त्याच्याकडे जरा जास्त लक्ष ठेवा. मोठमोठ्या थापा मारा, वाघाच्या मारा, डोंगराच्या मारा. स्वतःच्या श्वासाची थाप मारू नका.

पण तोंडं अशी पाडू नका रे! गोष्टीचा शेवट गोड आहे. ती औषधं अशी काही लागू पडली की डोमाचे सगळे वण धुऊन निघाले. या आश्विनात तो पुन्हा पाळीवर आला. मला खुंटीवरून काढलं, एक फुंकर मारली, तर जाळ ताडाएवढा! मग त्याने बुडी मारली. चंदाबाईने दोनशेपर्यंत मोजलं. तो वर आला तो एका हातात बूच, दुसऱ्या हातात पाच किलोची मरळ, आणि दातात... दातात... थांबा... जरा... दम घेते...

"खोटं!"

मागून हर्षा उठली आहे. उभी आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आहे, पण आवाज असा की सगळी पोरं वळून बघत आहेत.

"तुडुम तं बाबानं उघडलं. फुंकर पण त्यानंच मारली, आन मी आधी फुंकणी डोळ्याले लावून आरपार आभाळ पाह्यलं होतं, राळ नोहोती. तू पाळीवर खुर्चीत बसून होता, आन आजी तुह्याकडं पाहून मोजून राह्यली होती, बाबाकडं नाई. सारं खोटं सांगून राह्यला तू! आन एक सांग, फुंकणीले दम कायले लागते, आबाजी?"